डाव्या बाजूचं स्टूल

१

आमच्या खोलीत घड्याळ नाही. मॅडमनी ते मुद्दामच लावू दिलं नाही. डोळे झाकून पडलेल्या माणसाला टिकटिक ऐकू आली की तो मिनिटं मोजायला लागतो, आणि मोजणारा माणूस हलतो. मोजायचं काम माझं. मी मोठ्यानं म्हणते, "एक, दोन, तीन," आणि तीनला पायाखालचं बटण दाबते. प्रकाश पडतो, गालावर रबरबँड चटकन बसल्यासारखं होतं, आणि आम्ही पुढच्या जागेवर सरकतो. एका चेहऱ्याला असे चाळीसेक फटके. प्रत्येक फटक्याआधी पुन्हा एक, दोन, तीन.

लोक येतात ते उन्हाचे डाग घेऊन. कुणाच्या गालावर वांग, कुणाच्या नाकावर तपकिरी ठिपके, कुणाची मान अर्धी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. मॅडम त्वचेच्या डॉक्टर. त्या तपासतात, यंत्राचे आकडे ठरवतात आणि पुढच्या खोलीत जातात. उरलेलं मी करते. चेहऱ्याला गार जेल लावते, डोळ्यांवर काळ्या वाट्या बसवते, स्वतः हिरवा चष्मा घालते. मग उजव्या हातात यंत्राचा दांडा. त्याच्या टोकाला लहानशी चौकोनी काच असते, प्रकाश तिच्यातून येतो. डाव्या हातात गार हवेची नळी. म्हणजे काम चालू असताना माझे दोन्ही हात गुंतलेले आणि एक पाय बटणावर. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

त्या दिवशी पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. तीस वर्षं तलावाच्या काठावर उन्हात उभं राहिलेल्या, आवाज असा खणखणीत की बाहेरच्या बाकावरची माणसं दचकली. फटके मात्र त्यांनी गपचूप सोसले. शेवटी उठून बसल्या, टॉवेलनं जेल पुसत म्हणाल्या, "तुम्ही हात धरून ठेवलात ते फार बरं केलंत. एवढ्या पोरांना मी पाण्यात ढकललं, पण स्वतःवर आलं की घाबरते हो."

"कुणी हात धरला?"

"तुम्हीच की. हा, डावा." त्यांनी डावा हात वर केला. "गार आहेत मात्र हात तुमचे."

मी हसले आणि म्हटलं, जेलमुळे. दुसरं काय म्हणणार? मी पलंगाच्या उजव्या बाजूला उभी असते. डावीकडे भिंत आहे, भिंत आणि पलंग यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम बसेल एवढी जागा आहे, आणि तिथे कुणी नसतं.

२

मी अंधश्रद्धाळू बाई नाही. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. मी स्वतःला समजावलं की माणूस घाबरला की चादर मुठीत धरतो, चादर ओलसर असते, मुठीतल्या चादरीचा हात व्हायला कितीसा वेळ लागतो. मला ते अगदी पटलं.

तीन दिवसांनी ग्रंथालयात काम करणाऱ्या एक बाई तेच म्हणाल्या. त्यानंतर एक गृहस्थ होते, पडेल चेहऱ्याचे, ते जाताना लाजत म्हणाले, "बायकोला सांगू नका हं, हात धरावा लागला म्हणून."

मग मी प्रत्येकाच्या डाव्या हातात एक रबरी चेंडू द्यायला लागले. भीती वाटली तर दाबा म्हटलं. पहिल्याच दिवशी एका बाईंनी काम झाल्यावर रिकामा हात पुढे केला. "चेंडू तुम्ही काढून घेतलात ना? बरं झालं, हातच बरा." चेंडू पलंगाखाली नव्हता, चादरीत नव्हता. तो होता खणात, रोज मी ठेवते तिथेच, आणि त्याच्यावर जेल लागलेलं होतं.

खोली पुसणाऱ्या मावशींची तक्रार वेगळीच होती. "तुम्ही ते स्टूल रोज भिंतीकडे का ओढता? मला तिथं वाकून हात घालावा लागतो, कंबर मोडते."

"मी नाही ओढत."

"मग स्टुलाला पाय फुटले का?" मावशी फडकं पिळत म्हणाल्या. "बसतं कुणीतरी तिथं. स्टुलावरची उशी दबलेली असते. माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत, बाई."

स्टुलाला चाकं आहेत आणि फरशीला किंचित उतार आहे. मी गोटी ठेवून पाहिली. गोटी दाराकडे गेली. भिंतीकडे नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही, ती भुताच्या भीतीनं नव्हे. डाव्या हाताची गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती. त्या पलंगावर पडून माझ्याकडे डावा हात एकाच माणसानं मागितला होता, आणि मी तो दिला नव्हता. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगाच नाही.

३

ती माझी ताई. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ताई जमिनी मोजायची. तीन पायांवर दुर्बीण उभी करून माळावर दिवसभर उभी राहायची, आणि संध्याकाळी कागदावर हद्दी उतरवायची. कुणाच्या बांधाचं भांडण असलं की दोन्हीकडची माणसं ताईच्या आकड्यापुढे गप्प बसत. घरातही तिला मोजायची खोड. लहानपणी मला शाळेत सोडताना ती पावलं मोजायची आणि माझा हात धरून ठेवायची, मी मध्येच पळू नये म्हणून.

तिच्या दोन्ही गालांवर उन्हाचे डाग होते. तिला त्याचं काही नव्हतं. पण एकदा मोजणीच्या जागेवर एका म्हाताऱ्या बाईनं पाण्याचा मग पुढे केला आणि म्हटलं, "साहेबबाई, तोंड धुऊन घ्या, माती लागलीय." ताईनं रुमालानं दोनदा पुसलं. मग तिच्या लक्षात आलं. त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली.

आमच्या कामाचा नियम पोरासोरालाही कळेल असा आहे. कातडी उन्हानं ताजी रापलेली असेल तर प्रकाश द्यायचा नाही. डागावर बसायचा फटका सगळ्या कातडीवर बसतो आणि ती भाजते. म्हणून आधी कागदावर विचारायचं, मग कानामागे एक चाचणीचा फटका द्यायचा, आठवडाभर थांबायचं, आणि काही झालं नाही तरच चेहऱ्याला हात लावायचा. मी हे नव्या मुलींना शिकवते.

ताई दुपारच्या सुट्टीत आली. स्टुलावर बसून तिनं डबा खाल्ला. मला घाई होती, अडीचला माणूस येणार होतं. घरचंच माणूस, कागद नंतर भरू, कानामागचं राहू दे, असा मी विचार केला. तिला पलंगावर झोपवलं, डोळ्यांवर वाट्या ठेवल्या. तेव्हा ती म्हणाली, "काल दिवसभर उन्हात होते. चालेल ना?"

तिनं विचारलं होतं. अगदी स्पष्ट विचारलं होतं. आणि मी म्हटलं, "चालेल."

मग तिनं डावा हात बाहेर काढला. "धाकटे, हात धर ना जरा. भीती वाटते."

"ताई, लहान आहेस का तू? मला हात मोकळे हवेत."

सातव्या फटक्याला मला करपल्याचा वास आला. सात फटके, एका गालावर, ओळीनं. मी थांबले. संध्याकाळपर्यंत गालावर सात चौकोन उठले होते, काचेच्या मापाचे. नंतर फोड आले, फोड सुकले, आणि चौकोन पांढरे पडले. ते कधी जातील हे मॅडमनाही सांगता आलं नाही.

मॅडमनी कागद मागितला तेव्हा मी तो भरला. "गेल्या चार आठवड्यांत उन्हात जास्त वेळ गेला होतात का?" याच्यापुढे मी ताईच्या वतीनं "नाही" वर खूण केली. आणि ताई रडत आली तेव्हा मी विचारलं, "इथून बसस्टॉपपर्यंत उघड्या तोंडानं गेलीस ना? तेच नडलं."

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "हो गं. स्कार्फ घरी विसरले. माझंच चुकलं." आणि जाता जाता, "तुझं नाव नाही ना खराब होणार?"

या गोष्टीला अकरा महिने झाले. ताईनं मोजणीचं काम सोडलं. आता ती घरात बसते, जाड पडदे ओढून, कारण दहा मिनिटांच्या उन्हानं जर एवढं केलं, तर आणखी काय होईल याचा तिला भरवसा वाटत नाही. तो भरवसा मी काढून घेतला. एका वाक्यानं तो परत देता आला असता, पण ते वाक्य मी अकरा महिने बोलले नाही.

४

रविवारी मी ताईकडे जाते. भाजी, औषधं, वाचायला काहीबाही नेते. भाऊजी दिवसभर कामावर असतात, मुलगा दूर शिकायला आहे. दार उघडलं की आधी काही दिसत नाही. मग हळूहळू खुर्ची दिसते, खुर्चीतली ताई दिसते. ती नेहमी उजवा गाल माझ्याकडे करून बसते, चौकोन डाव्या गालावर आहेत म्हणून. मला त्रास नको, हा तिचा त्यातला विचार मला ठाऊक आहे.

त्या रविवारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती, एकाच हातानं.

"उजव्या हाताला काय झालं?"

"दुखतो गं. दुपारी डोळा लागतो हल्ली, आणि उठते तेव्हा हात असा आखडलेला असतो. कुणी घट्ट धरून ठेवल्यासारखा." ती हसली. "काही करत नाही दिवसभर, आणि हात मात्र मजुरासारखा दुखतो."

मी तेल आणलं आणि तिचा तळहात चोळायला घेतला. तळहातावर एक ओरखडा होता, ताजा, वाकडा.

"हे काय?"

"अंगठी लागली."

"कुणाची अंगठी? तू तर घालत नाहीस."

ताईनं हाताकडे पाहिलं. तिलाही नवल वाटल्यासारखं दिसलं. "हो की. स्वप्नातच असेल. कुणी बाई होती, तिच्या बोटात टोकेरी अंगठी होती. फार घाबरलेली होती बिचारी." मग घडी घालता घालता म्हणाली, "त्या आधीचे एक होते, त्यांचा हात बर्फासारखा. बायकोला सांगू नका म्हणाले."

मी तेलाची बाटली बंद केली. झाकण दोनदा चुकलं.

गुरुवारी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. त्यांची अंगठी मी काढून ठेवायला सांगितली होती, ती सुजलेल्या बोटातून निघाली नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते असं: "मनी वसे ते स्वप्नी दिसे. माझ्या कामाचं ऐकून ऐकून दिसत असेल तुला."

"असेल," ताई म्हणाली. माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सवयच आहे.

५

मंगळवारी माझी सुट्टी असते. त्या दिवशी आमच्या खोलीत दुसरी मुलगी काम करते. मी ठरवलं की आज ताईला सांगायचं. बसमध्ये वाक्य पाठ केलं, शाळेतल्या कवितेसारखं.

ताईच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. आत गेले तर ती खुर्चीत झोपलेली होती. उजवा हात खुर्चीच्या बाहेर लांब केलेला, कोपर ताठ, बोटं मिटलेली. पण मूठ नव्हती ती. बोटांमध्ये जागा होती, दुसऱ्या हाताएवढी. हवेत काहीतरी धरलं होतं तिनं, आणि जे धरलं होतं त्याला वजन होतं, कारण तिच्या मनगटाच्या शिरा तटतटल्या होत्या.

मी जवळ बसले. ताईचे ओठ हलत होते. आधी मला ऐकू आलं नाही. मग आलं.

"एक. दोन. तीन."

मध्ये तेवढाच वेळ गेला, जेवढा मी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकायला घेते. पुन्हा, "एक. दोन. तीन." आणि तीनला तिच्या डाव्या गालावरचे चौकोन उजळले. सातही. डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ, पण त्या अंधाऱ्या खोलीत मला खुर्चीचा हात दिसला, तिच्या बोटांची नखं दिसली, आणि माझी स्वतःची सावली मागच्या भिंतीवर चढून खाली आलेली दिसली. रस्त्यावरून गाडी गेली असेल, तिच्या काचेवरचं ऊन पडद्याच्या फटीतून आलं असेल. मी पडदा तपासला. फट नव्हती. भाऊजींनी पडदे भिंतीला चिकटपट्टीनं चिकटवले होते.

मी काय केलं ते सांगायची लाज वाटते. मी झोपलेल्या ताईला सगळं सांगितलं. कानाशी वाकून, हळू आवाजात, पाठ केलेलं वाक्य जसंच्या तसं. तिनं ऐकू नये अशा बेतानं मी माझं ओझं उतरवत होते.

तिची बोटं सैल झाली. डोळे उघडले. "धाकटे? कधी आलीस? काही म्हणालीस का?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

बाहेर येऊन मी दुसऱ्या मुलीला फोन लावला. साडेतीनच्या सुमाराला कोण होतं, विचारलं. "एक आजी होत्या," ती म्हणाली. "गोड आहेत हो. जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, पोरी, सगळा वेळ हात धरून बसलीस, देव तुझं भलं करो. मी तर धरलाच नव्हता. तुम्हाला कसं कळलं?"

६

बुधवारी मी मॅडमकडे गेले आणि मला खोली बदलून हवी म्हणाले.

"कंटाळलीस?" मॅडम कागदांवरून मान वर न करता म्हणाल्या. "तुझ्याकडेच झोपायचं म्हणतात लोक. हात धरतेस म्हणे तू. कसं जमतं गं तुला, तीन हात आहेत का?" आणि हसल्या. मग पुढचा कागद माझ्या हातात दिला. "ही घे. कानामागची चाचणी झालीय, ठीक आहे."

ती एक तरुण मुलगी होती. शनिवारी तिची नव्या नोकरीची मुलाखत होती आणि नाका-गालांवरचे ठिपके तिला तोपर्यंत घालवायचे होते. कागदावर उन्हाच्या प्रश्नापुढे "नाही" ची खूण होती. तिनं स्वतः केलेली, ठसठशीत. मी जेल लावलं, वाट्या ठेवल्या, हिरवा चष्मा घातला. स्टूल भिंतीकडे होतं. मी तिकडे बघितलं नाही. चोराच्या मनात चांदणं, तसं मला त्या खोलीत सगळीकडेच काही ना काही दिसायला लागलं होतं.

काच तिच्या गालावर टेकवली.

"एक," मी म्हटलं. "दोन."

"काल दिवसभर उन्हात होते. चालेल ना?"

आवाज मोठा नव्हता, आणि त्यात राग तर अजिबात नव्हता. डावीकडून, स्टुलाच्या उंचीवरून आला तो. उत्तर ऐकायला थांबलेल्या माणसाचा आवाज.

माझा पाय बटणावरून उचलला गेला.

"काय म्हणालात?" मी मुलीला विचारलं.

"मी? मी कुठे काय म्हणाले?"  मग तिचा श्वास बदलला. "पण... खरं सांगू का? रविवारी मी होते उन्हात. दिवसभर. डोंगरावर गेलो होतो आम्ही. कागदावर लिहिलं असतं तर तुम्ही परत पाठवलं असतंत. चाचणी त्याच्या आधीची आहे." तिनं ओठ चावला. "तुम्हाला कसं कळलं?"

मी जेलचा एक पट्टा पुसून तिची कातडी पाहिली. कानामागच्या रंगात आणि गालाच्या रंगात फरक होता. तो मला आधीच दिसायला हवा होता. तीन म्हटलं असतं तर शनिवारी ती मुलगी तोंडावर चौकोन घेऊन मुलाखतीला गेली असती.

"आज नाही करायचं," मी म्हटलं. "महिन्यानं या."

"रागावलात?"

"नाही."

"मग हात जरा सैल धरा ना," ती म्हणाली. "दुखतोय."

मी तिचा डावा हात पाहिला. तो चादरीवर होता, तळवा वर. बोटांच्या मध्ये मांस दबून पांढरं झालं होतं, चार ठिकाणी. मग ते चारही ठिपके हळूहळू लाल झाले. स्टुलाचं चाक किंचित कुरकुरलं.

मी चष्मा काढला, अंगावरचा पांढरा कोट काढला आणि तशीच निघाले. दुपारचे बारा वाजले होते. क्लिनिकच्या दारापासून बसस्टॉपपर्यंत मी चालत गेले, उघड्या तोंडानं. दहा मिनिटंही लागली नाहीत.

७

ताई जागी होती. खुर्चीत बसली होती, डावा गाल माझ्याकडे करून. तशी ती कधीच बसत नाही.

"आज बुधवारी कशी?" ती म्हणाली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाठ केलेलं वाक्य आठवेना, म्हणून जे आलं ते बोलले. तू विचारलं होतंस. मी चालेल म्हटलं. कानामागे चाचणी केली नाही, कागदही नंतर मीच भरला. बसस्टॉपच्या उन्हानं काही झालं नाही, होणं शक्यच नव्हतं. माझ्या हातानं झालं. आणि मग मी तुझ्यावर ढकललं.

"कागदावर काय लिहिलंस?"

"‘नाही’ लिहिलं. उन्हात गेली नव्हती, असं."

"माझ्या नावापुढे?"

"हो, ताई."

 ती बोलली तेव्हा आवाज नेहमीचाच होता, मोजणीचे आकडे वाचून दाखवताना असायचा तसा. "तुझ्या क्लिनिकच्या दारापासून बसस्टॉपपर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत. चार झाडं. रस्ता ओलांडून पलीकडून गेले असते तर दोनशे दहा पावलं सावलीत पडली असती. दुकानाच्या छपराखालून गेले असते तर आणखी साठ. अकरा महिने मी इथं बसून रोज त्या रस्त्यानं जाते, धाकटे. रोज थोडी जास्त सावली सापडते."

मला रडू आलं. ते आवरायचा मी प्रयत्न केला नाही.

"पडदा काढ," ताई म्हणाली.

चिकटपट्टी निघताना भिंतीचा रंगही निघाला. दुपारचं ऊन एकदम आत आलं आणि ताईच्या तोंडावर पडलं. तिनं डोळे बारीक केले, पण तोंड फिरवलं नाही. अकरा महिन्यांत मी ते चौकोन पहिल्यांदा पुऱ्या उजेडात पाहिले. सात, एका ओळीत, कडा सरळ. ताईनं आखलेल्या कुठल्याही हद्दीइतके नेटके.

"बस इथं. उन्हात."

ती उठली आणि मी तिच्या खुर्चीत बसले. ती माझ्या डाव्या बाजूला गेली.

"डोळे मीट."

मी मिटले. ऊन पापण्यांवर पडलं आणि आत सगळं लाल झालं. मग माझा डावा हात कुणीतरी हातात घेतला. हात गार होता, आणि ओला. जेलनं ओला. जेल मी दिवसातून चाळीस वेळा हाताळते, ते ओळखायला मला डोळे लागत नाहीत. ताईच्या घरात जेल कुठून येणार, असा विचार माझ्या मनात आला आणि तिथेच थांबला.

"घाबरू नकोस," ताई म्हणाली. "धरलाय मी."

"ताई, मला माफ..."

"हलू नकोस. एक."

मी हलले नाही. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग ताईची पावलं, चप्पल घासत चालायची तिची ती जुनी सवय. तिकडून तिनं हाक मारली, "धाकटे, चहा टाकते. साखर किती?"

हात माझ्या हातात होता. बोटं घट्ट आवळली गेली, चार ठिकाणी.

"दोन," माझ्या डाव्या कानाशी कुणी म्हणालं, हळू, माझ्याच आवाजात.

पापण्यांमागचं लाल आता पांढरं होत चाललं होतं. तीनची वाट बघत मी बसून राहिले. हात सोडवून घेता आला असता. पण मला हात मोकळा नको होता.